रेकॉर्डिंगमागची घरघर: सोलापुरातल्या घरात छोट्या रेकॉर्डरचा आवाज साफ कसा करायचा

आमच्या गल्लीतले अण्णा पंच्याहत्तरीला आलेत. शहराच्या पूर्व भागात जन्म गेला, हयातभर यंत्रमाग चालवला. घरात तेलुगू बोलतात, पण अभंग म्हणायला बसले की ऐकणारा हलत नाही. हैदराबादच्या नातवाला पाठवायला त्यांचे चार अभंग रेकॉर्ड करायचे होते. मी माझा हातात मावणारा रेकॉर्डर लावला, पेटी त्यांनीच वाजवली. झाल्यावर हेडफोन त्यांच्या कानाला दिला. मिनिटभर ऐकून त्यांनी तो काढला आणि म्हणाले, "बाळ, गाणं माझं, पेटी माझी. मग मागं हा चढा पंचम कोण लावून बसलंय?"

गाण्यामागे एक सलग 'गुंऽऽ' होतं. त्यावर बारीक 'स्स्स' होतं आणि अधूनमधून भणभण. मी मशीन एका दुकानात नेलं. तिथे दोन मिनिटांत निकाल लागला: "आतला माईक गेलाय, नवं घ्या." मशीन उघडलं नाही की रेकॉर्डिंग ऐकलं नाही. मला ते पटलं नाही. दोन संध्याकाळी बसून एकेक गोष्ट तपासली तेव्हा कळलं की मशीन ठणठणीत आहे. गुंऽऽ चार्जरचं होतं, स्स्स माझ्या सेटिंगमुळे होतं आणि भणभण पंख्याच्या रेग्युलेटरची होती.

घरी भजन, शिकवणीचा रियाझ, आजीच्या ओव्या किंवा स्वतःची गाणी टिपणाऱ्या कितीतरी जणांचं रेकॉर्डिंग अशाच कारणांनी वाया जातं. बरेच जण कंटाळून मशीन कपाटात टाकतात. आवाज तीनच वाटांनी आत शिरतो: हवेतून, वायरीतून किंवा मशीनच्या आतून. कुठल्या वाटेनं आला ते आधी शोधा, खर्चाचं नंतर बघू. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

आधी आवाज ओळखा

कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. ज्यात गाणं नाही अशी शांत जागा शोधा आणि फक्त मागचा आवाज ऐका.

नळाला हवा यावी तसा सलग 'स्स्स' असेल तर ती बहुतेक माईकच्या ॲम्प्लिफायरची सूं आहे. लेव्हल नको तितकी वाढवली की ती वर येते. खालचा, जाड, न हलणारा 'गुंऽऽ' म्हणजे विजेचा हम. त्यावर माशी घोंगावल्यासारखी तीक्ष्ण भणभण असेल तर रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टरकडे बघा. वायर हलली की 'खर्रर्र' होत असेल तर केबल किंवा जॅक. ठरावीक अंतरानं 'टक' येत असेल आणि त्या क्षणी गाणंही तुटत असेल तर मेमरी कार्ड. 'टर्र-टर्र-टर्रर्र' असा ठेक्यात येणारा आवाज मोबाइलचा असतो. फोन २जी नेटवर्कवर बोलतो तेव्हा सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचे झटके सोडतो आणि ते माईकच्या वायरीत उतरतात. त्यावर उपाय एकच, फोन विमान मोडवर टाका किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा.

विजेचा हम ओळखायला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना उपकरण लागत नाही, पेटी पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर, मोटार आणि ॲडॉप्टर यांच्यामुळे तिची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झही ठळक ऐकू येते. पेटीच्या खर्जातली पांढरी पाच, म्हणजे खालच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्झच्या आसपास असते. ती पट्टी धरा आणि रेकॉर्डिंगमधला गुंऽऽ ऐका. तो पांढऱ्या पाचच्या किंचित वर, पण काळ्या चारच्या खाली राहत असेल तर तो विजेचाच. अण्णा पांढऱ्या एकमध्ये गातात, म्हणजे पांढरी पाच हा त्यांचा पंचम. त्यांनी 'चढा पंचम' म्हटलं ते शब्दशः खरं होतं. पेटी जुनी होऊन उतरली असेल तर ट्यूनर ॲपवर ताडून घ्या.

एक खबरदारी. चालू पंख्याची मोटारसुद्धा याच सुरात गुणगुणते. तो आवाज वायरीतून येत नाही, खरोखर खोलीत असतो. म्हणून हेडफोन काढून उघड्या कानानं खोली ऐका. गुंऽऽ तिथेही असेल तर हवेतला, फक्त रेकॉर्डिंगमध्ये असेल तर वायरीतला.

एका मिनिटाच्या पाच फायली

आता तपासणी. अर्धा तास लागतो, पण नंतरचे कितीतरी तास वाचतात. रेकॉर्डरवर फॉरमॅट वेव्ह, २४ बिट ठेवा. ऑटो लेव्हल बंद करा. इनपुटची लेव्हल नेहमी जिथे ठेवता तिथेच ठेवा आणि पाचही फायलींत तिला हात लावू नका. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला तोंडानं सांगा: "बॅटरीवर, पंखा बंद, माईक नाही." फायलींची नावं नंतर लक्षात राहत नाहीत.

पहिली फाईल: रेकॉर्डर बॅटरीवर, काहीही जोडलेलं नाही, आतले माईक चालू. मशीन कपाटात, घड्या घातलेल्या चादरींच्या मधे ठेवून दार लावा. इथे जो आवाज उरतो तो जवळपास सगळा मशीनचा स्वतःचा. ही तुमची पायरी, यापेक्षा खाली जाता येणार नाही.

दुसरी: बॅटरीवरच, पण गाण्याच्या खोलीत, नेहमीच्या जागेवर. पंखा, फ्रीज, ट्यूब सगळं बंद. पहिल्या फायलीपेक्षा जे वाढलं ते खोलीचं आणि गल्लीचं.

तिसरी: सगळं तसंच, फक्त चार्जर लावा.

चौथी: चार्जर काढा, पंखा आणि दिवे चालू करा.

पाचवी: पंखा-दिवे बंद, बॅटरीवर, पण बाहेरचा माईक आणि केबल जोडा. माईकवर जाड टॉवेल गुंडाळा.

पाचही फायली कॉम्प्युटरवर घेऊन एकाच आवाजात ऐका. कॉम्प्युटरवर ऐकणं महत्त्वाचं आहे, कारण काही रेकॉर्डरच्या हेडफोनच्या जॅकलाच सूं असते. ती रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली नसते आणि माणूस उगाच तिच्यामागे लागतो. ज्या फायलीत आवाज उसळला तिथे तुमचा चोर आहे. पुढचं सगळं त्याप्रमाणे वाचा.

तिसऱ्या फायलीत गुंऽऽ आला: वीज

आमच्याकडे इथेच सापडला. चार्जर लावला की गुंऽऽ, काढला की गायब. मोबाइलचे दोन पिनांचे हलके ॲडॉप्टर वीज बारीक तुकड्यांत तोडून तिचं रूपांतर करतात. त्यातून थोडी गळती पाच व्होल्टच्या बाजूला येतेच. दोन पिना असल्यामुळे अर्थिंग नसतं, मग ही गळती रेकॉर्डर आणि माईकच्या वायरीतून वाट शोधते. रेकॉर्डरच्या किंवा माईकच्या धातूच्या भागाला बोट लावल्यावर गुंऽऽ कमी झाला तर तुमचं शरीर त्या गळतीला वाट देतंय असं समजा. अण्णांच्या पेटीजवळ बसून मी हे केलं. बोट टेकवलं की आवाज निम्म्यावर यायचा, उचललं की परत. माईकच्या जाळीवर चार-पाच वेळा तसं करून पाहिलं तेव्हा माझी खात्री पटली.

सरळ उपाय म्हणजे रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. मेनूमध्ये बॅटरीचा प्रकार बरोबर निवडा. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा. सेटिंग चुकीचं असेल तर भरलेला सेलही मशीनला रिकामा वाटतो आणि ते मधेच बंद पडतं. चालायला वीज लागणाऱ्या कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच जाणारी वीज, देत असाल तर बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे जादा सेल जवळ हवेत. लांबचा कार्यक्रम असेल तर पॉवर बँक चालते. भिंतीच्या विजेशी तिचा संबंध नसल्यामुळे हा गुंऽऽ येत नाही. पण काही पॉवर बँकच्या आतल्या सर्किटची बारीक शीळ रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून आधी मिनिटभर तपासून घ्या.

लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड करत असाल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा ॲडॉप्टरही तपासा. तो माईकच्या केबलला चिकटून ठेवला तर ॲडॉप्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र केबलमध्ये उतरतं. दोन-तीन फूट लांब नेला की फरक लगेच ऐकू येतो. माईकची वायर आणि विजेची वायर एकत्र गुंडाळू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. हम घालवायला थ्री-पिन प्लगची अर्थची पिन तोडायची किंवा तिला टेप गुंडाळायची, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी सर्रास देतात. ते करू नका. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर ती वीज माईकच्या जाळीपर्यंत येते आणि गाणाऱ्याचे ओठ त्याच जाळीला टेकलेले असतात. तो हम घालवायचे सुरक्षित मार्ग आहेत, ते पुढे मिक्सरच्या भागात येतील.

चौथ्या फायलीत भणभण: पंखा आणि रेग्युलेटर

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद ठेवा म्हणणं सोपं आहे, पण त्या खोलीत बसून गाणं अवघड. म्हणून आधी भणभण पंख्याची की रेग्युलेटरची ते ठरवा. पंखा फुल करा. भणभण कमी झाली आणि मधल्या वेगावर परत वाढली तर दोष रेग्युलेटरचा. सरसर फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट मधेच तोडतो. पूर्ण वेगावर ही तोडणी जवळपास थांबते, मधे सगळ्यात जास्त असते. खटके देत १ ते ५ वर थांबणारे बरेच रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, त्यांचा असा त्रास फार कमी. इलेक्ट्रिशियनला तसा बसवायला सांगा, खर्च किरकोळ आहे.

तरी पंख्याचा वारा आणि पात्यांचा आवाज राहतोच. मी असं करतो: रेकॉर्डिंगआधी अर्धा तास पंखा जोरात चालवून खोली गार करायची, मग बंद करून आठ-दहा मिनिटांचा एक तुकडा घ्यायचा, मग परत पंखा आणि पाणी. अभंगाच्या मधे असा विसावा मिळाला तर गाणाराही ताजा राहतो.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका. स्वस्त इन्व्हर्टर विजेची गोल लाट देत नाही, चौकोनी देतो. पंखा त्यावर ओरडतो आणि चार्जरही. उलट लाईट गेलेली वेळ हीच बॅटरीवर रेकॉर्ड करायची उत्तम वेळ असते, कारण गल्लीतली निम्मी यंत्रं बंद असतात. तेव्हा इन्व्हर्टरचा स्विचही बंद करा.

पहिल्याच फायलीत सूं: लेव्हल आणि अंतर

पहिल्या फायलीत थोडी सूं राहणारच. ती गाण्याच्या किती खाली आहे हा खरा प्रश्न. लेव्हल १०० वर नेऊन माईक चार फुटांवर ठेवला तर गाण्याबरोबर सूंही मोठी होते. उलट माईक जवळ आणला तर गाणं मोठं होतं, सूं आहे तिथेच राहते. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. चार फुटांवरून दोनवर आणि दोनवरून एकवर आणला तर १२ डेसिबल फुकट मिळाले. तेवढी लेव्हल खाली करा, सूंही तेवढीच खाली जाईल.

गाणाऱ्यापासून एक ते दीड फूट हे माझं नेहमीचं अंतर. 'प' आणि 'भ'चा फटका बसू नये म्हणून माईक तोंडासमोर न ठेवता हनुवटीच्या रेषेत, थोडा बाजूला ठेवतो. पेटी आणि गायक एकाच रेकॉर्डरवर घ्यायचे असतील तर पेटी जास्त मोठी येते. तेव्हा माईक गायकाकडे सरकवा, लेव्हल वाढवू नका.

लेव्हल कुठे ठेवायची? सगळ्यात वरची तान किंवा जोराचा जयघोष घ्यायला सांगा आणि मीटर तेव्हा −१२ ते −६ च्या दरम्यान राहील असं बघा. लाल लागला तर तो भाग फाटला, त्याला नंतर उपाय नाही. मीटर −३० वर रेंगाळत असेल तर नंतर आवाज वाढवताना सूं वर येईल. २४ बिटला कागदोपत्री १४४ डेसिबलची जागा असते आणि १६ बिटला ९६ ची, त्यामुळे २४ बिटवर थोडी खालची लेव्हल निभावते.

ऑटो लेव्हल मात्र कायम बंद. अण्णांच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ते चालू राहिलं होतं. ओळ संपली, त्यांनी श्वास घेतला की त्या दोन सेकंदांत सूं हळूहळू फुगत जायची, पुढच्या ओळीचा पहिला शब्द आला की पटकन दबायची. गाणं थांबलं म्हणजे आवाज कमी झाला असं समजून मशीन लेव्हल वाढवतं, एवढंच ते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ओळींच्या मधली शांतता अशी फुगत असेल तर आधी हेच बटण बघा.

बाहेरचा माईक वापरत असाल तर त्याची जात बघा. भजनी मंडळाकडे असतात ते डायनॅमिक माईक ओठांजवळच्या जोरदार आवाजासाठी बनवलेले असतात. त्यांतून निघणारी वीज अगदी थोडी असते. हळू गाणाऱ्याला ते फूटभर लांब लावले तर छोट्या रेकॉर्डरचा ॲम्प्लिफायर पार ताणला जातो आणि सूं येते. अशा वेळी मशीनमधलेच माईक चांगले निघतात, किंवा कंडेन्सर माईक घ्या. मोबाइलसाठी विकले जाणारे कॉलर माईक रेकॉर्डरला लावताना त्यांच्या पिनवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. तीन पट्ट्या म्हणजे ती मोबाइलची पिन. दोन पट्ट्यांच्या जॅकमध्ये ती घातली तर आवाज येत नाही किंवा नुसता गुंऽऽ येतो. त्यासाठी छोटा कन्व्हर्टर मिळतो.

पाचव्या फायलीत खरखर: केबल

रेकॉर्डिंग चालू ठेवा, हेडफोन लावा आणि केबल एका टोकापासून वीतभर-वीतभर हलवत जा. खर्रर्र बहुतेक वेळा टोकाशी, पिनेच्या मानेजवळ होते, कारण वायर तिथेच वाकते. एक्सएलआरचं, म्हणजे केबलच्या तीन पिनांच्या टोकाचं, टोपण उघडून बघा. आतली जाळी, म्हणजे शील्डची तार, सुटलेली असेल तर खरखरीबरोबर गुंऽऽही येतो. सोल्डरिंग येणाऱ्या कुणाकडूनही हे पाच मिनिटांत होतं.

आपल्याकडे धूळ भरपूर. जॅकमध्ये बारीक थर बसतो, वर पावसाळ्याची ओल. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केल्यानं बऱ्याचदा संपर्क साफ होतो. नाही झाला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. मशीन बंद करून, सेल काढून, अगदी थोडा मारा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र वापरू नका, त्याच्यावर धूळ चिकटते. लेव्हलचं चाक फिरवताना चरचर होत असेल तर चाकाखालीच धूळ आहे. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा.

पावसाळ्यात कंडेन्सर माईकनं मधेच 'फट्ट-फुस्स' आवाज काढला तर त्याला ओल लागली असेल. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात रात्रभर ठेवून बघा.

आणि ठरावीक 'टक'? कार्डवरचं सगळं आधी कॉम्प्युटरवर घ्या, मग कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरमध्ये नाही. तरीही टक राहिलं तर कार्ड बदला.

दुसऱ्या फायलीत वाढलेलं सगळं: खोली आणि गल्ली

आमच्या भागात दिवसा मागांची खडखड असते. ती खिडकीतून येते, भिंतीतून येते आणि फरशीतून पायाला जाणवते. पाणी येण्याच्या दिवशी प्रत्येक घराची मोटार एकदम सुरू होते. रेल्वे लाईन्सकडे राहणाऱ्यांना गाड्या, तर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत भोंगे. या आवाजांवर मशीनमध्ये कुठलंही बटण नाही. त्यांच्यावर वेळ निवडणं हाच उपाय चालतो. एक दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि पहाटे एकेक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. कानाला शांत वाटणारी दुपार रेकॉर्डिंगमध्ये तशी नसते. आमची वेळ पहाटे साडेचार ते सहा निघाली. शेजारच्या मागवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी आपणहून त्यांची वेळ सांगितली. विचारायला संकोच करू नका.

आता चादरी. खोलीत चादरी टांगल्या की बाहेरचा आवाज थांबतो हा गैरसमज पक्का बसलेला आहे. थांबत नाही. आवाज अडवायला वजन आणि बंद फटी लागतात, कापड हलकं असतं. चादर दुसरं काम करते आणि तेही तितकंच महत्त्वाचं. आपल्या घरांत शहाबादी फरशी, गुळगुळीत रंगवलेल्या भिंती, कुठे वर पत्रा. आवाज त्यांवर आपटून परत माईकमध्ये येतो आणि गाणं बाथरूममध्ये म्हटल्यासारखं वाटतं. हा घुमारा जितका कमी, तितका माईक गाणाऱ्यापासून थोडा लांब ठेवता येतो. आपली सोलापुरी चादर त्यासाठी उत्तम, जाड विणीची, घरात चार-सहा असतातच. दोरीवर दुहेरी टाकून भिंतीपासून अर्धा फूट पुढे टांगा. भिंतीला चिकटवली तर निम्मा उपयोग. खाली सतरंजी किंवा गोधडी अंथरा.

चादर कुठे टांगायची, हे माईक कुठे बघतो त्यावर ठरतं. एका दिशेचे माईक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात. म्हणून माईकची पाठ खिडकीकडे करा. म्हणजे गाणारा खिडकीकडे तोंड करून बसेल आणि माईक त्याच्याकडे, त्याच्यामागच्या भिंतीकडे बघेल. चादर त्याच भिंतीवर, गाणाऱ्याच्या मागे हवी. आम्ही आधी उलट बसत होतो, अण्णांची पाठ खिडकीला. माईक थेट खिडकीकडे बघत असल्यामुळे अख्खी गल्ली ऐकत होता. जागा फिरवली आणि रस्त्याचा आवाज ठळकपणे खाली गेला, एक पैसाही न घालता. खालच्या सुरातला जाड खडखडाट मात्र पाठीकडूनही थोडा येतोच, कारण जाड सूर माईकला दिशेनं नीट अडवता येत नाहीत.

दाराखालच्या फटीत ओला पिळलेला टॉवेल दाबून लावा. वजन आणि फट, दोन्हींचं काम होतं.

फरशीतून येणाऱ्या धडधडीसाठी रेकॉर्डर टेबलावर नुसता ठेवू नका. जाड टर्किश टॉवेलची चौपदरी घडी घाला आणि त्यावर छोटा स्टँड ठेवा. मशीन हातात धरून तर कधीच रेकॉर्ड करू नका, बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते. लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं सेटिंग, ८० हर्ट्झवर लावलं की मागांची आणि वाहनांची खालची घरघर बरीच कापली जाते. पण तबला किंवा पखवाज असेल तर बंद ठेवा, नाहीतर डग्ग्याचा घुमारा पातळ होईल. नुसता गायक आणि टाळ असतील तर बेलाशक लावा.

पेटीच्या भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट हाही खोलीतलाच आवाज. माईक भात्याच्या बाजूला नको, पट्ट्यांच्या पुढच्या कडेला, थोडा वरून असू द्या.

मंडळाच्या मिक्सरवरून आवाज घेताना

मंदिरात किंवा सभागृहात ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून तार घेऊन रेकॉर्ड करायची वेळ येते. स्पीकरची तार रेकॉर्डरला कधीही लावू नका, मशीन जळेल. मिक्सरच्या लाईन आऊट किंवा रेकॉर्ड आऊटमधून घ्या आणि रेकॉर्डरवर इनपुट 'लाईन' करा. माईकच्या इनपुटमध्ये लाईनचा आवाज घातला तर लेव्हल एकवर ठेवूनही तो फाटतो. फँटम पॉवर बंद हवी.

मिक्सर भिंतीच्या विजेवर आणि रेकॉर्डर चार्जरवर असेल तर विजेला जमिनीकडे जायच्या दोन वाटा तयार होतात आणि त्यांतून हम फिरतो. रेकॉर्डर बॅटरीवर घेतला की बहुधा एक वाट तुटते. तेवढ्यानं नाही भागलं तर दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. तरीही राहिला तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचा खटका असलेला डीआय बॉक्स लावा. आवाज चुंबकाच्या वाटेनं पलीकडे जातो, तार जोडली जात नाही. अर्थची पिन शाबूत राहते आणि हम जातो.

उरलेलं कॉम्प्युटरवर

इथपर्यंत आल्यावरच सॉफ्टवेअर उघडा. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, काम कॉपीवर करा.

रेकॉर्डिंग करतानाच गाणं सुरू होण्याआधी वीस सेकंद सगळ्यांना गप्प बसवा. ही रिकामी खोली पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते. आधी नॉच फिल्टरनं, म्हणजे ठरावीक सुराची बारीक पट्टीच कापणाऱ्या फिल्टरनं, ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर हम कापा. कापणी अरुंद ठेवा. खर्जातली पांढरी पाच ९८ वर आहे, रुंद कापलंत तर पेटीचा सूरच जाईल. मग त्या वीस सेकंदांचा नमुना देऊन नॉईज रिडक्शन चालवा. मी ते ६ डेसिबलवर ठेवतो आणि लागलं तर ८. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, 'स' आणि 'श' विरघळतात. थोडी सूं राहिलेली चालते, शब्द गेलेले चालत नाहीत.

हे तंत्र एकसारख्या आवाजावर चालतं. मागाची खडखड, हॉर्न, कुत्रं यांवर नाही, कारण ते क्षणोक्षणी बदलतात. अण्णांच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या चौथ्या अभंगात, अगदी शेवटी, सहाच्या सुमाराला लांबवर पहिला माग सुरू झालेला ऐकू येतो. मी तो तुकडा कापायला निघालो तर अण्णा म्हणाले, "राहू दे. नातवाला कळू दे आजोबा कुठं बसून म्हणतोय ते." तो तसाच पाठवला.

मशीनच दोषी निघालं तर

पहिल्याच, कपाटातल्या फायलीत मोठा गुंऽऽ, खरखर किंवा एका बाजूलाच सूं येत असेल, बॅटरी नवी असेल, कार्ड बदलून झालं असेल आणि मशीन एकदा फॅक्टरी रिसेट करून पाहिलं असेल, तर आतला बिघाड धरून चाला. एका चॅनेलचा माईक नेहमीपेक्षा जास्त सूं करत असेल तर ते डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी ऐकल्यावर लगेच कळतं. दुरुस्तीला देताना फक्त मशीन देऊ नका. कपाटातली फाईल आणि खोलीतली फाईल दोन्ही पेन ड्राइव्हवर घेऊन जा, समोर बसून हेडफोनवर ऐकवा आणि बिघाड कुठल्या फायलीत, कितव्या सेकंदाला आहे ते कागदावर लिहून मशीनबरोबर द्या.